दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. आईंच्या व्हीलचेअरच्या दुरुस्तीबद्दल तुम्ही लिहिलेली तक्रार वाचली. अर्ध्या तासाचं सांगून आईंना दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागलं, ही आमची चूक झाली. मनापासून माफी मागतो. त्या दिवशी मी एकटाच होतो.

पण "चाकातले केस काढायचे 380 रुपये घेतले" हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. ताई, केस काढायचे आम्ही पैसे घेतच नाही. पुढची दोन्ही चाकं खोलली तेव्हा आसावर केस आणि धागे घट्ट वळून टोपीसारखे बसले होते. ब्लेडने कापून मी ते कागदावर ठेवले. त्यातला निळा दोरा बघून आईच म्हणाल्या, "अगं, हा माझ्या गोधडीचा." त्याखाली बेअरिंग गंजलेलं. बोटावर फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. तुम्हीच सांगितलंत की खुर्ची गच्चीवर पाइपने धुता. पाणी आत गेलं की ग्रीस निघून जातं, मग वरून तेल घालून उपयोग नाही, उलट धूळ चिकटते.

एका चाकात दोन, अशी 608 नंबरची चार बेअरिंगं बदलली. 60 प्रमाणे 240, मजुरी 140. बिलावर तसंच लिहिलंय. जुनी चारही तुमच्या पिशवीत घातली होती, कृपया बघा.

आता खुर्ची उजवीकडे ओढते, त्याबद्दल. तुम्हीच लिहिलंय की मिस्टरांनी घरी पाना लावून वरचा नट "नीट" आवळला. तो नट चाकाचा नाही, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) ज्यावर वळतो त्या खांबाचा आहे. ढिला राहिला तर चाक वेगात थरथरतं, जास्त आवळला तर फोर्क वळत नाही आणि खुर्ची एका अंगाला जाते. मी खुर्ची मागे पूर्ण कलती करून, चाक वर धरून सोडून बघतो. ते खाली येऊन एकदाच पलीकडे झुलावं आणि थांबावं. तुमच्यासमोर दोन्ही बाजूंना करून दाखवलं होतं, आईंनी पाहिलंय.

वडिलांपासून हे काम करतोय. सायकलीपेक्षा खुर्चीला जास्त जपतो, कारण त्यात बसलेल्या माणसाला उतरून ढकलता येत नाही. म्हणूनच वेळ जास्त लागला.

वेळेचं आम्ही मनावर घेतलंय, मुलालाही सांगितलंय, आणि बसायला बरी खुर्ची आणतोय. तुम्ही कधीही या, आधी फोन केलात तर काम बाजूला ठेवून तुमचं घेईन. नट बसवायचे पैसे नाहीत. आईंना जिना उतरवायचा त्रास नको असेल तर संध्याकाळी दुकान बंद करून मीच घरी येतो. तोवर तो नट पुन्हा आवळू नका.