‘अनुभवी कामगाराला ट्रेनिंग कशाला?’

कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे उत्पादन बुडवणं; अनुभवी माणसाला सगळं कळतं, आग विझवायच्या सिलिंडरवर पद्धत छापलेलीच असते, आणि आग लागली की माणूस आपोआप पळतो.

आधी अनुभवाचं बघू. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या टाकीत वर्षानुवर्षं उतरणारा म्हणतो, ‘वास नाही, म्हणजे गॅस नाही.’ हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस इथेच फसवतो. थोडा असला की सडक्या अंड्यांची घाण येते. साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग गॅस) पुढे नाकच बधिर होतं. आतला कोसळतो, वरचा त्याला काढायला तसाच उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत तीन-तीन माणसं जातात ती अशी. उतरणाऱ्याला दोष कसा देणार? सोबत्यासाठी जीव तुटतोच. म्हणून तर थांबण्याचा सराव लागतो. आधी टाकीत ताजी हवा सोडणारा ब्लोअर चालवायचा. मग गॅस मोजणारा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी रीडिंग घ्यायचं, कारण गॅस थराथराने साचतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या हार्नेसची (अंगावरच्या सुरक्षापट्ट्यांची) दोरी टाकीच्या तोंडावरच्या ट्रायपॉडच्या विंचला, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या चरखीला, हवीच, म्हणजे वरचा माणूस आत न जाता त्याला ओढून काढू शकतो.

आता छापलेली पद्धत. 6 किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम 15-20 सेकंद चालतो, वाचायचं कधी? नवखा माणूस घाबरून लिव्हर आवळून धरतो आणि तशीच पिन ओढतो. दाबामुळे पिन अडकते, आणि ‘हा खराब आहे’ म्हणून तो सिलिंडर टाकून देतो. मूठ सैल केली, पिन जरा पिळली की ती सहज निघते. हे एकदा हाताला कळावं लागतं. सहा-आठ फुटांवरून, दार पाठीशी ठेवून, आगीच्या बुडावर मारायचं. तेलाच्या आगीवर फार जवळून मारलं तर जळतं तेलच उडतं.

‘आपोआप पळतो’ हे खरं, पण कुठे? डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबला लागलेल्या आगीत 14 जण गेले. त्यातले बरेच स्वच्छतागृहात सापडले, धुराने गुदमरलेले. अनोळखी जागेत माणूस जवळचं दार गाठतो. बाहेरची वाट दाखवायची ती तिथल्या कर्मचाऱ्यांनी, आणि ती अंधारात, धुरात, वाकून चालत आधी तुडवलेली असेल तरच दाखवता येते.

एक मात्र मान्य. सह्या घेऊन, फोटो काढून संपणारं ट्रेनिंग खरंच वाया जातं. त्यावर बिनखर्चाचा उपाय आहे: रिफिलिंगला जाणारे सिलिंडर भरलेलेच परत पाठवू नका. मोकळ्या जागेत लोखंडी ट्रेमध्ये थोडी आग पेटवा आणि तीन-चार सेकंदांच्या फवाऱ्यांनी एका सिलिंडरवर तीन-चार जणांचा हात बसवून घ्या. ठेकेदाराच्या कामगारांचाही. रात्रपाळीचाही.