निळ्या झाकणाचं दूध

आधीच सांगून टाकतो, मला बेसबॉल कळत नाही. सोळा वर्षं झाली सिॲटलच्या आसपास राहतोय, त्यात एकदा ऑफिसचं फुकट तिकीट मिळालं म्हणून स्टेडियमला गेलो होतो. लसणाचे फ्राइज खाल्ले, भाजलेले टोळ विकायला होते ते लांबूनच बघितले आणि तीन तास एक माणूस थुंकतोय आणि दुसरा टोपी सारखी करतोय एवढंच बघून घरी आलो. त्यामुळे परवा शनिवारी जे झालं त्यात माझा काडीचाही दोष नाही, हे निदान तुम्ही तरी मान्य करा, घरात कोणी करत नाहीये.

कोजागिरी आमच्याकडे होती. तिथी रविवारची, पण इथे सगळे सण शनिवारीच येतात. तीस माणसं, भेळ, मसाला दूध. बायकोने तीन वेळा सांगितलं, लाल झाकणाचं दूध आण, दोन गॅलन, लाल म्हणजे फुल फॅट. आणि मी फोनवर बोलत बोलत निळ्या झाकणाचे दोन कॅन उचलले. निळं म्हणजे दोन टक्के. म्हणजे दूध अंघोळ करून गेलेलं पाणी.

आता आमच्या त्या दुकानात एका कोपऱ्यात सँडविच करून देणारं डेलीचं काउंटर आहे आणि वर टीव्ही. खाली पाच-सहा माणसं माना वर करून उभी. मरिनर्सची, म्हणजे आमच्या सिॲटलच्या टीमची, टोरोंटोशी टोरोंटोतच मॅच चालू होती, प्लेऑफची, म्हणजे सीझन संपल्यावरच्या बाद फेरीची. एवढं मलाही माहीत होतं, कारण आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. २००१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ, एकवीस वर्षं! ३० सप्टेंबर २०२२च्या रात्री कॅल रॉली नावाच्या त्यांच्या कॅचरने शेवटच्या इनिंगला, दोन आउट असताना, होम रन (आपला सिक्सर समजा) मारून ते एकदाचं पक्कं केलं, तेव्हापासून आमच्या टीममधली एरवी 'गुड मॉर्निंग'सुद्धा मोजून म्हणणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. या रॉलीला लाडाने बिग डम्पर म्हणतात, त्याच्या पार्श्वभागाच्या आकारमानावरून. मला मात्र दर वेळी कृष्णेकाठी रात्री बिननंबरप्लेटचे वाळूचे डम्पर जायचे तेच आठवतात, त्याला मी काय करू.

तर स्कोअर ८-१. मरिनर्स मागे. दहा सेकंद थांबलो, फक्त दहा, तेवढ्यात एक रन आली, ८-२, आणि पाठोपाठ आपल्या कार्लोस सँटानाने बॉल बाहेर घालवला. तिघे एकदम घरी आले, घरी म्हणजे होम बेसवर, प्रत्येकाची एक रन, ८-५. खाली एकच गलका झाला, मीही उगाच हसलो, मग हातातली निळी झाकणं दिसली, मनात म्हटलं मेलो, आणि बदलायला वळलो.

"हलू नकोस!"

एक आजोबा. सत्तरीचे असतील. अंगात मरिनर्सच्या जुन्या जपानी स्टारची, इचिरोची, ५१ नंबरची जर्सी, धुऊन धुऊन आकडा अर्धा गेलेला, त्यामुळे ५१चा नुसता ५ उरला होता. टोपी उलटी, म्हणजे मागचं पुढे अशी नव्हे, आतलं बाहेर, शिवणी दिसतील अशी. त्यांनी माझा दंड धरला.

"तू आलास आणि ते झालं. तू कुठेही जायचं नाहीस."

मी म्हटलं, दूध बदलायचंय, चुकीचं घेतलंय. आजोबा म्हणाले, चुकीचं कसं असेल, होम रन झालाय याच दुधावर. मी म्हटलं, सर, घरी तीस माणसं येणार आहेत. ते म्हणाले, बॉईज तिकडे टोरोंटोत आहेत, त्यांच्यापुढे पन्नास हजार माणसं आहेत, तुझी तीस घेऊन काय बसलास.

या वादावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट गळ्याशी आली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी शुभ म्हणत होतं हो. सांगलीत आमच्या घरी मी पनवती. १९९६च्या सेमीफायनलला, इडन गार्डनवाल्या, मी शेजाऱ्यांकडून बर्फ घेऊन दारातून आत आलो आणि त्याच क्षणी सचिन स्टंप झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, ९८ला १ वरून १२०ला ८, बाटल्या, जाळपोळ, कांबळीचं रडणं, आणि घरात सगळ्यांची नजर बर्फाच्या पातेल्यावर. तेव्हापासून मॅच अडकली की आप्पा नुसतं दाराकडे बघायचे आणि मी निमूट उठायचो. २००२च्या नॅटवेस्ट फायनलला मी बावीस वर्षांचा, चांगला इंजिनियर झालेला माणूस, आणि १४६ला ५ झाल्या झाल्या गॅलरीत रवानगी! युवराज आणि कैफची ती पार्टनरशिप मी भिंतीपलीकडून ऐकलीय. गांगुलीने शर्ट काढला तेव्हा मला डास चावत होते.

हे मी आजोबांना सांगितलं, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत जेवढं बसेल तेवढं. तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, आज तारीख काय? आठ ऑक्टोबर. १९९५चा आठ ऑक्टोबर, म्हणाले, किंगडोम, म्हणजे आपलं जुनं स्टेडियम, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध पाचवी मॅच, अकरावी इनिंग, एका रनने मागे. आणि माझ्या बायकोच्या लक्षात आलं की मी बाहेर गेलो की आपल्या रन होतात. तिने मला नाचोजच्या लायनीत पाठवलं. एडगर मार्टिनेझने जो फटका मारला, ज्यावर ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत थेट घरी आला, ज्याच्यामुळे हे शहर आजही बेसबॉल बघतं, तो मी बघितलेला नाही. काँक्रीटची भिंत थरथरत होती, ती हाताने चाचपली. आणि २०००मध्ये सुरुंग लावून ती भिंतही पाडली.

आता असल्या माणसाला सोडून लाल झाकण आणायला कसं जाणार?

पण मग ते वहावत गेले ना. कॅन काउंटरवर ठेवायची परवानगी मिळाली, मात्र मुठीवरचा हात काढायचा नाही. दोन कॅन, दोन हात. घरून फोन वाजतोय खिशात, उचलू शकत नाही. डेलीवरची मुलगी ग्राहकाचं हॅम कापायचं सोडून माझ्यावर पहारा देतेय. मध्ये मध्ये आजोबांचा शिकवणी वर्ग चालू: आपला पहिला पिचर रॉबी रे, गेल्या वर्षी याच टोरोंटोकडून खेळून साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, घेतलं, मग आपल्याकडे आला, आणि आज त्यांच्या हर्नांडेझला दोन होम रन देऊन बसला, म्हणजे सून माहेरच्यांना दागिने देऊन मोकळी. (सुनेचं मी घातलं.) बेसबॉलची गंमत अशी की अर्धा तास काहीच होत नाही आणि त्या काहीच न होण्यात ही माणसं नखं खातात. टोरोंटोने आणखी एक रन घेतली, ९-५. आजोबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. ती नजर मी ओळखतो. आप्पांची. मी आपसूक दाराकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले, "तू ठीक आहेस. काहीतरी कमी पडतंय." मग म्हणाले, बूट.

टीव्हीवर म्हणे कोणी मरिनर्सवाला डोक्यावर बूट ठेवून बसलेला दाखवला होता. मी नाही बघितला, पण आजोबांनी बघितला होता आणि तेवढं पुरे. त्यांनी स्वतःचा बूट काढून डोक्यावर ठेवला. शेजारच्या पोराने ठेवला. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, माझे हात गुंतलेत. हे म्हणणं फार मोठी चूक ठरली, कारण आजोबा गुडघ्यावर बसले, त्या वयात, कट्कन आवाज आला, माझी लेस सोडली, बूट काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्या टाळूवर ठेवला. पायातली वहाण पायातच बरी असं ऐकत लहानाचा मोठा झालेला मी, देवाने दिलेलं डोकं, आणि त्यावर माझाच दहा नंबरचा बूट.

आणि मोजा फाटका. अंगठा पूर्ण बाहेर, बालवाडीतल्या पोरासारखा इकडेतिकडे बघत.

आठव्या इनिंगला एक रन आली, बेस भरले आणि आपल्या क्रॉफर्डने एक मरतुकडा फटका उडवला. ना लांब, ना जवळ. त्यांचा स्प्रिंगर मागून, बिशेट पुढून, दोघंही जीव खाऊन धावले आणि धाडकन एकमेकांवर आदळले, बॉल मधल्या मधे पडला आणि तिन्ही माणसं घरी. ९-९! लोक नाचले. मग स्प्रिंगर उठेना हे दिसलं आणि सगळे चिडीचूप. आजोबांनी डोक्यावरचा बूट उतरवून छातीशी धरला, लोक टोपी उतरवतात तसा. मी हात गुंतल्यामुळे बूट घालूनच श्रद्धा व्यक्त केली. त्याला गाडीवरून नेलं, त्याने हात हलवला, टाळ्या झाल्या, बूट परत डोक्यावर.

नवव्या इनिंगला बिग डम्परने डबल मारली, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसवर पोचला, फ्रेझियरने त्याला घरी आणला, १०-९, आणि शेवटाला कर्बी नावाचं पहिल्याच सीझनचं पोरगं आलं आणि त्याने दुकान बंद केलं. सात रनांनी मागे असलेली मॅच! मी ओरडत होतो. काय ओरडत होतो आठवत नाही, मराठीत होतं. आजोबा रडत होते आणि माझ्या खांद्यावर त्यांचा मोजा घातलेला... नाही, हात होता, बुटात घातलेला.

आणि नेमका तेव्हा आमच्यातलाच एक गृहस्थ कोथिंबिरीची जुडी घेऊन समोर उभा. रात्री आमच्याकडेच यायचा होता. एक शब्द बोलला नाही, फोटो काढला आणि गेला.

मी घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर. खाली ओळ: 'पादुका शिरी धरून निघालेला भरत.' चौसष्ट स्मायल्या. आमच्या मातोश्रींनी सांगलीहून पहाटे सहाला व्हॉइस नोट पाठवली की मोजे घ्यायला पैसे पाठवू का. भरताने निदान रामाच्या पादुका घेतल्या होत्या रे, तुझ्या कोणाच्या? माझ्याच होत्या आई, हे सांगून काही सुधारणार होतं का?

बायको काहीच बोलली नाही. निळी झाकणं बघितली, दारातून माझ्या डोक्याकडे बघितलं, केसात बहुतेक माती होती, आणि कंडेन्स्ड मिल्कचे डबे काढले. पण दोन टक्क्याचं दूध आटत नाही हो, कितीही ढवळा. केशर घातलं, चारोळी, जायफळ, बदामाची पूड खाली बसली आणि वर पिवळं पाणी. अंगणात ते घेऊन सगळे उभे, वणव्यांच्या धुरामुळे चंद्रही तांबूस, आजारी माणसासारखा. आणि तो फोटोवाला गृहस्थ तिसरा ग्लास भरून घेत म्हणतो कसा, "वहिनी, यंदा जरा पांचट झालंय का?"

तिसरा ग्लास. मी मोजत होतो.

हे मला लागलं. बुटाचं एवढं नाही. आजोबांनी बूट ठेवला तो जिंकायला, याने फोटो काढला तो कशाला? त्याच्या मुलाच्या मुंजीत मी दोन तास पार्किंग सांभाळलंय, पावसात, आणि तेव्हा मी कोणाचा फोटो काढला नाही, काढण्यासारखे पुष्कळ होते. आणि वहिनींना पांचट म्हणायचं? वहिनींनी काय केलं?

असो. मंगळवारपासून ह्यूस्टनशी सुरू होतंय, पहिल्या दोन तिकडे, मग शनिवारी सिॲटलला मॅच, २००१ नंतरची पहिली घरची प्लेऑफ. तिकिटांचे भाव बघून मी लॅपटॉप मिटला. निघताना आजोबांनी बजावलंय, मंगळवारी साडेबाराच्या आत, त्याच जागी, दूध तेच, मोजा तोच. मी हो-नाही काही म्हटलं नाही. मोजा बायकोने कचऱ्यात टाकला होता, तो सध्या गाडीच्या डिकीत आहे.

काल रात्री त्या गृहस्थाचा मेसेज आला. अरे भरता, परवा मीही येतो म्हणतोय, मजा दिसतेय, ते दुकान नक्की कुठलं, त्या बाजूला दोन आहेत ना?

मी त्याला दुसऱ्याचा पत्ता पाठवलाय. तिथे टीव्ही नाहीये.