त्याला झोपेबद्दल बोलायचं होतं

दुपारी साडेतीनला माझ्या एका मित्राचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता, म्हणजे रस्त्यावरच उभा होता. "ताई, मी परत नाही जाणार तिथे," एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ गप्प.

त्याची आई जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते ती येतेच, मग सकाळपर्यंत नुसता पडून असतो. मीच मागे लागले होते, बाबा रे, कुणाशी तरी बोल, थेरपिस्टकडे जा. सात आठवडे टाळून शेवटी आज गेला. पन्नास मिनिटांच्या सेशनमधली चाळीस मिनिटं कशात गेली? तो गे कधीपासून आहे, लहानपणी काही 'झालं' होतं का, मुलींबरोबर कधी प्रयत्न केला का, आणि आईशी जरा जास्तच जवळीक होती का. आईशी जवळीक! जिच्यासाठी त्याला रडायचं होतं, तिलाच त्या माणसाने कारण म्हणून समोर आणून बसवलं. झोपेबद्दल शेवटच्या दहा मिनिटांत बोलणं झालं. रात्री मोबाईल बघू नका म्हणाले.

माझे हात अजून थरथरतायत. म्हणून हे लिहितेय. लांबलचक होणार आहे, वाचा.

आम्ही दोघी, मी आणि माझी जोडीदार, तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहोत. हा भाग मात्र मी कधी लिहिला नव्हता. आज तिला विचारून लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी तिचे बाबा आजारी पडले. ती दीड महिना त्यांच्याजवळ राहिली, मी जाऊन येऊन होते. हॉस्पिटलमध्ये रात्री मी थांबायचे, औषधं मी आणायचे, आणि भेटायला येईल त्याला ती सांगायची, "ही माझी मैत्रीण, शेजारी राहते." शेजारी. सात वर्षं एका घरात राहून मी शेजारीण झाले. बाबा बरे झाले, आम्ही घरी परतलो आणि एकमेकींशी बोलेनाशा झालो.

मग एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी आधी फॉर्म दिला. त्यात 'पतीचे नाव' असा रकाना होता. मी 'पतीचे' खोडलं आणि पुढे तिचं नाव लिहिलं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात पहिला प्रश्न विचारला, "तुमच्यात नवरा कोण?"

चिडून विचारलं असतं तर मी उठले असते. गोड बोलणाऱ्या माणसासमोरून उठता येत नाही. त्या तासभरात आम्ही त्यांना शिकवलं. दोन बायका एकत्र राहतात म्हणजे काय, कोणी कोणाला फसवलेलं नाही, आमच्यात कोणी पुरुष नाही, आणि हो, आम्ही सुखी आहोत. सुखी आहोत हे पटवत बसलो, आणि गेलो होतो ते दुःखी होतो म्हणून!

जिना उतरताना तिने माझा हात धरला. दीड महिन्यात पहिल्यांदा. वाटलं, मिटलं. मिटलं काहीच नव्हतं, त्या बाईंविरुद्ध आम्ही दोघी तेवढ्यापुरत्या एक झालो होतो. 'शेजारीण' हा शब्द घरी आमची वाट बघत होता आणि पुढचे आठ महिने तो आमच्यात जेवला, आमच्यात झोपला. आठ महिने, कारण पुन्हा कुठल्या दारात जायची हिंमत होईना.

कुणी म्हणेल, एका बाईंवरून सगळ्यांना नावं ठेवू नकोस. नाही ठेवत. चांगली माणसं आहेत, आणि यातल्या कित्येकांना कुणी शिकवलेलंच नसतं, हेही मान्य. पण न शिकवल्याची किंमत समोर बसलेल्याने का मोजायची?

आणि हे काही कालपरवा शोधलेलं ज्ञान नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने, म्हणजे तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढली. ट्रान्स असणं, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर यायला तर २०१९ उजाडावं लागलं. त्या १९७३ च्या आदल्या वर्षी त्याच असोसिएशनच्या डॅलसमधल्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचा मानसोपचारतज्ज्ञ आपल्याच व्यवसायबंधूंसमोर मुखवटा घालून, विग लावून, आवाज बदलणाऱ्या माइकवर बोलला. मी तुमच्यातलाच डॉक्टर आहे आणि मी समलिंगी आहे, एवढं सांगायला. याआधी त्याच कारणावरून त्याची निवासी डॉक्टरची जागा गेली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर आठवला. 'शेजारी राहते' म्हणताना तिचाही आवाज बदलायचा. थोडा वरच्या पट्टीत जायचा. मी तेव्हा फक्त शब्द ऐकत होते.

'पण बदलता येतं ना, एक अभ्यास होता तसा,' असं कमेंटमध्ये लिहायला कुणाची बोटं शिवशिवत असतील, तर त्याचंही ऐका. तो अभ्यास रॉबर्ट स्पिट्झर या मानसोपचारतज्ज्ञांचा. १९७३ च्या निर्णयात ज्यांचा मोठा वाटा होता तेच हे गृहस्थ. २००३ मध्ये त्यांनी छापलं की काही लोक आपला लैंगिक कल बदलल्याचं सांगतात, आणि २०१२ मध्ये अभ्यास सदोष होता म्हणून त्यांनीच समलिंगी लोकांची जाहीर माफी मागितली. ज्याने मांडलं त्याने मागे घेतलं, आणि आज दुपारी माझ्या मित्राला विचारतात, मुलींबरोबर प्रयत्न केला का!

जरा थांबते. पाणी पिऊन येते.

हां. तर दुसऱ्या बाई.

आठ महिन्यांनी एका मैत्रिणीने नाव दिलं. मी आधी फोनवरच विचारलं, आम्ही दोघी बायका आहोत, चालेल ना? नंतर स्वतःचाच राग आला, की चालेल ना असं मी का विचारावं. त्या म्हणाल्या, "या. आणि कोणत्या नावांनी हाक मारू, तेवढं सांगा." त्यांच्या फॉर्मवर 'जोडीदार' असं होतं. मी तो रकाना भरला आणि काही खोडावं लागलं नाही म्हणून रडले. एका रकान्यावरून. ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "भांडण कशावरून आहे?"

बस, एवढंच हवं होतं. समोरच्याचं समलिंगी किंवा ट्रान्स असणं दोष न मानता काम करणारी ती अफर्मेटिव्ह थेरपी म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांना मी हा प्रश्न सांगते. आमचं असणं हा तिथे मुद्दाच नव्हता. जमीन पक्की होती, म्हणून तिच्यावर उभं राहून आम्हाला धड भांडता आलं.

आणि लोक म्हणतात ना, अफर्मेटिव्ह म्हणजे नुसतं पाठ थोपटणं, 'हो हो तुझंच बरोबर'? अजिबात नाही. तिसऱ्या सेशनला त्यांनी मला सरळ विचारलं, "ती घाबरली होती हे तुम्हाला दिसलं होतं का?" मी म्हटलं, मला माझा अपमान दिसत होता. त्या म्हणाल्या, "अपमान झालाच. पण गेले आठ महिने तुम्ही तिच्या भीतीलाच शिक्षा देताय." मला ते फार लागलं. घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. खरं होतं ते. मी माझ्या घरी बाविसाव्या वर्षी सांगून मोकळी झाले होते आणि तिनेही माझ्याच वेगाने चालावं असं मला वाटत होतं. पहिल्या बाईंकडे हे मला कुणी सांगूच शकलं नसतं, कारण तिथे आम्ही एकमेकींची बाजू घेऊन लढत होतो.

तिलाही त्यांनी सोडलं नाही. 'शेजारी' म्हणताना हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतंस का, विचारलं. नव्हतं पाहिलं.

मग एका कागदावर त्यांनी मध्ये रेघ मारली. एका बाजूला आम्हा दोघींचं, दुसऱ्या बाजूला बाहेरून घरात आलेलं. मी चिडले की दार आपटते, ते माझं. ती दोन-दोन दिवस अबोला धरते, ते तिचं. हॉस्पिटलच्या कागदावर सही कोण करणार, पाहुण्यांपुढे कोण म्हणून उभं राहायचं, रस्त्यात हात धरायचा की नाही याचा सतत चाललेला हिशेब, हे बाहेरचं. याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, म्हणजे अल्पसंख्य असण्याचा ताण, इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये तो नीट मांडलाय. नकार प्रत्यक्ष मिळतो तोच नाही, मिळेल या धास्तीचाही ताण असतो, लपवण्याचा असतो, आणि ऐकून ऐकून स्वतःबद्दलच मनात बसलेल्या घाणीचा असतो. शब्द जड आहे. कागद बघितला तेव्हा मात्र आमच्या निम्म्या भांडणाला आम्ही दोघीही जबाबदार नव्हतो हे डोळ्यांना दिसलं.

म्हणूनच 'मला तर सगळी जोडपी सारखीच' म्हणणारे समुपदेशकही मला पुरत नाहीत. हेतू चांगला असतो, कबूल. पण लग्नाच्या नवऱ्याची ओळख कुणी शेजारी म्हणून करून देत नाही. जे वेगळं आहे ते बघायलाच नको म्हटलं, तर कागदाची ती दुसरी बाजू कोरीच राहणार. आमच्या ग्रुपमधल्या बायसेक्शुअल, म्हणजे बायका आणि पुरुष दोघांचंही आकर्षण असलेल्या, मैत्रिणीने एका मुलाशी लग्न केलं तेव्हा तिला सांगितलं गेलं, चला, तुमचा प्रश्न सुटला. एका ट्रान्स मित्राचं नोकरीतल्या त्रासाबद्दलचं प्रत्येक वाक्य हार्मोन्सवर नेऊन ठेवलं. बॉस छळतोय हो त्याचा, बॉस!

आणि आमच्या नात्यांतून शिकण्यासारखंही आहे, हे कुणी बोलत नाही. जोडप्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या गॉटमन आणि लेव्हन्सन यांनी २००३ साली लिहिलंय की समलिंगी जोडपी वादाला तोंड फोडतात तेव्हा कमी बोचरी असतात, त्यांच्यात वर्चस्व गाजवणं कमी असतं. माझं दार आपटणं त्यांनी पाहिलेलं नाही, ते असो.

थेरपिस्ट स्वतः क्वीअरच, म्हणजे आमच्यासारखाच समलिंगी, बायसेक्शुअल किंवा ट्रान्स, हवा असं माझं म्हणणं नाही. आमच्या त्या दुसऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी वाचलं होतं, शिकल्या होत्या, आणि जे माहीत नव्हतं ते आमच्या वेळात आमच्याकडून शिकून घेतलं नाही. हे अवघड नाही. जिथे शक्य आहे तिथे पहिल्या फोनवरच विचारा, आधी कुणा समलिंगी किंवा ट्रान्स माणसांबरोबर काम केलंय का, आणि बदलण्याच्या उपचारांबद्दल तुमचं मत काय. दुसऱ्या प्रश्नावर जो घुटमळेल त्याच्याकडे जाऊ नका. माझ्या यादीत जे समुपदेशक आहेत, आणि आहात मला माहितीये, तुमचा फॉर्म आज काढून बघा. तो रकाना आजच बदला.

गेल्या वर्षी तिचे बाबा पुन्हा दोन दिवस ॲडमिट होते. नर्सने विचारलं, या कोण? ती काही क्षण थांबली. आवाज वर गेला नाही. म्हणाली, "माझ्या घरच्या." बाबा जागे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले, काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत. त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही आणि मला आता घाईही नाही.

मित्राला त्या दुसऱ्या बाईंचा नंबर दिलाय. आता नको म्हणतोय. मी आठ महिने घालवले तसे त्यानेही घालवावेत असं मला वाटत नाही, पण त्याच्यावर जबरदस्तीही नाही करणार. त्याला म्हटलं, मी बाहेर बसेन तू आत असताना, पुस्तक घेऊन येईन.

आत्ता रात्रीचे पावणेतीन झालेत. तो ऑनलाइन दिसतोय. फोन करते. आईबद्दल बोल म्हणते.