भोसल्यांच्या काळात ट्रक होते का?

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. विदर्भात कुठंही पडक्या वाड्यात किंवा रिठावर, म्हणजे उजाड गावाच्या जागी, लोखंडी हत्यार सापडलं, त्यावर जाड गंज नि घणाचे ठोके दिसले, तर ते भोसलेकालीन, म्हणजे नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातलं. इंग्रजी शिक्का असला तर इंग्रजांच्या काळातलं. ग्राइंडर मारा, चमकवा, हजारोंत विका.

गंज चढतो ओलीनं. एकाच दिवशी घडवलेल्या दोन विळ्यांपैकी एक चुलीवरच्या आढ्याला खोचा, दुसरा उकिरड्यात पडू द्या. चार पावसाळ्यांत दुसरा पहिल्याचा आजा दिसेल.

ठोक्यांचं तर विचारूच नका. घिसाडी आजही बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाता लावून गिऱ्हाइकासमोर कुऱ्हाड घडवून देतात. मागच्या उन्हाळ्यात असाच एक ‘भोसलेकालीन’ कोयता माझ्या हाती आला. मुठीकडच्या अंगाला गोल, गुळगुळीत भोक. गावच्या लोहाराला दाखवला. “हा तं ट्रकचा पाटा होय,” तो हसला. कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांच्या मधोमध बोल्ट जातो, त्याचंच ते भोक. पाट्याचं पोलाद चिवट, म्हणून लोहार भंगारातून तेच उचलतात. नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. ट्रक त्याच्या कितीतरी नंतरचा. शिवाय वऱ्हाड, म्हणजे पश्चिम विदर्भ, तर १८०३ नंतर १८५३ पर्यंत निजामाकडे होतं. मेसेजवाल्यांनी सगळाच विदर्भ भोसल्यांना देऊन टाकलाय!

शिक्क्याचा मुद्दा अर्धा खरा. पण अक्षरं इंग्रजी म्हणून काळ इंग्रजांचा होत नाही. ‘जमशेदपूर’ वाचता आलं तर वस्तू १९१९ च्या आधीची नाही, कारण तोवर ते गाव साकची होतं. आयएसआयचा छाप असला तर स्वातंत्र्यानंतरची. त्या छापाचा कायदाच १९५२ चा. दांड्यावरून काळ काढणारेही आहेत. दांडा मोडला की बदलतात, सोडा.

घडणीवरून मात्र काही कळतं. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडी रिंगणांच्या प्राचीन दफनांत, मिळालेल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या कुऱ्हाडींना दांड्यासाठी भोकच नाही. त्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेल्या असत. तसलं काही दिसलं तर हात न लावता पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि ग्राइंडर कृपा करून नको. आमच्या घरचा जुना टिकास मी असाच चकाचक केला. त्यावर पूर्ण नाव होतं, मला पक्कं आठवतं. आता उन्हात तिरपा धरला तर एक ‘टी’ दिसतो, बस्स.