पेढे सत्तर किलोचे नव्हते : 'एक जुना तालीमवाला' यांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'एक जुना तालीमवाला' एवढीच सही केलीत. पण लाल मातीत १५ वर्षं काढली असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया मी रविवारी व्यायामशाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि त्यावर आमचं बोलणं दोन तास चाललं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगलीत आम्ही नऊ जण आठवड्यातून तीनदा एकत्र वजनं मारतो. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं) आणि खांद्याचा प्रेस (बार डोक्यावर ढकलणं). रॅकशेजारी, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी सांगाड्याशेजारी, सुतळीनं बांधलेली एक लांब वही आहे. कोणी काय उचललं, किती रेप (एका दमात किती वेळा), किती सेट (अशा किती फेऱ्या), ते तिथंच लिहायचं. दर रविवारी वही मोठ्यानं वाचायची. मागच्या लेखात मी आमच्यातल्या ५२ वर्षांच्या ताईंबद्दल लिहिलं होतं. त्यांनी डेडलिफ्टला ७० किलो उचलले आणि पेढे वाटले.

त्यावर काकांनी लिहिलं : "४५ चे ७० झाले म्हणून पेढे? आमच्या तालमीत हजार जोर मारणारा पोरगा घरी सांगत नसे. ताकद सांगायची नसते, ती कुस्तीत दिसते. टाळ्या पिटून तुम्ही एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवताय. उद्या कोणाची तरी कंबर जाईल तेव्हा टाळ्या कामाला येणार नाहीत. आणि ५२ वर्षांच्या बाईला हे उचलायला लावणं शहाणपणाचं नाही."

आधी पेढ्यांचं सांगते, कारण त्यात चूक माझी आहे. मी अर्धीच गोष्ट लिहिली. ताईंनी ७० किलो पहिल्यांदा दिवाळीच्या आधीच उचलले होते. नंतर त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या, दवाखाना आणि घर यात दोन महिने गेले. परत आल्या तेव्हा बारवर ४५ किलो लावले आणि तेही जड गेले. त्या दिवशी वहीत आकडा लिहून त्या बराच वेळ तिथंच उभ्या होत्या. जुनं पान उलटून ७० बघायचं, पुढचं पान उलटून ४५ बघायचं. मी पाणी प्यायला गेले आणि परत आले, तरी त्या तिथंच. मग आमच्यातले बँकेतले दादा गेले, त्यांनी पेन घेतलं आणि ४५ च्या शेजारी लिहिलं, "पाठ सरळ. सुरुवातीच्या ३० पेक्षा चांगली." बस. त्या पुढच्या वेळी आल्या. गेलेली ताकद पहिल्यांदा कमावताना लागते त्यापेक्षा लवकर परत येते, हे आम्ही त्यांना सांगत होतोच. पण त्यांचा त्यावर विश्वास बसला तो वहीतले आकडे ४५, ५०, ५५ असे चढत गेले तेव्हा. पेढे त्या परत येण्याचे होते. ७० हा त्यांचा नवा आकडा नव्हताच.

आता तुमचा मोठा मुद्दा. ताकद सांगायची नसते, ती कुस्तीत दिसते. काका, मला हे वाक्य खरंच आवडलं. पण कुस्तीत ती दिसते कारण समोर जोड असते. तुमचा डाव लागला की नाही हे सांगायला समोरचा पैलवान आहे, मातीच्या हौद्याच्या कडेला वस्ताद बसलेत, मैदान असलं तर हजारो माणसं आहेत. आमच्यासमोर लोखंड असतं. ते कालही २० किलोचं होतं, आजही २० चं आहे आणि ते कधीच चीत होत नाही. मी गेल्या महिन्यापेक्षा पुढे आहे का मागे, हे त्या बारला विचारून कळत नाही. आमची जोड म्हणजे ती वही, आणि वही वाचणारी माणसं.

आणि तालीम तरी गप्प कुठं होती? माझ्या आजोबांबरोबर मी लहानपणी कुंडलच्या कुस्ती मैदानाला गेले आहे. हलगी वाजत असते, पोरगं नुसतं शड्डू ठोकतं तर अख्खा फड ओरडतो. जिंकलेल्याच्या हातात लोक नोटा कोंबतात, डोक्याला फेटा बांधतात. आजोबा सांगायचे की तालमीत जोर मोजताना आकडा सगळ्यांनी मिळून म्हणायचा, म्हणजे मधेच कोणाला बसता येत नाही. पैलवान खाशाबा जाधवांचंच घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. कांस्यपदक घेऊन खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत गेली. तुमचा हजार जोर मारणारा पोरगा घरी सांगत नसेल, पण तालमीत सगळ्यांना ठाऊक होतं ना? वस्तादांना तर नक्कीच. आमचंही तेवढंच आहे. माझे आकडे माझ्या सोसायटीत कोणाला माहीत नाहीत, वहीत मात्र आहेत.

हरभऱ्याच्या झाडाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, आणि हे लिहायला मला आठ दिवस लागले.

गेल्या फेब्रुवारीत आमचा डिप्लोमाचा पोरगा स्क्वॉटला शंभरीच्या जवळ आला होता. ९५ झाले होते. आम्ही सगळे त्या रविवारची वाट बघत होतो. कोणी फोन काढून उभं, कोणी त्याच्या खांद्यावर थाप मारतंय. मी स्वतः बारला मॅग्नेशियमची पावडर लावून दिली. तो खाली गेला, वर येताना अर्ध्यात अडकला, आम्ही ओरडलो, "येतंय, येतंय, उचल!" त्यानं एका बाजूला झुकून जोर लावला आणि बार मागच्या आडव्या दांड्यांवर पडला. पुढचे तीन आठवडे त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. नंतर कळलं की त्याची कंबर गुरुवारपासूनच धरली होती. वहीत त्यानं शुक्रवारी "ठीक" लिहिलं होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "सगळे थांबले होते. नाही कसं म्हणू?"

हे त्याचं वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्याला त्या दिवशी बार टाकून दे म्हणणारा एकही आवाज आमच्यात नव्हता.

याच्यामागचं कारण मी शोधत होते. १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो कोहलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या लोकांवर एक प्रयोग केला होता. उभं राहून बार कोपरातून वर-खाली करायचा, दम संपेपर्यंत. एकट्याला ४१ किलो. मग दोघांना मिळून ८२ किलोचा एक बार, म्हणजे एकानं सोडला की दुसऱ्यालाही थांबावं लागणार. त्यात दिसलं की जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्यानं टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, कारण आपल्यामुळं दुसऱ्याला थांबावं लागू नये असं त्याला वाटतं. दोघांच्या ताकदीत फरक थोडाच असेल तर हे सगळ्यात जास्त घडतं. फारच तफावत असेल तर परिणाम ओसरतो. ताई परत आल्या त्यामागंही हेच आहे, आणि त्या पोरानं कंबर लपवली त्यामागंही हेच. जोर एकच, काका. तो कुठं लावायचा हे आम्ही ठरवलं नव्हतं.

त्यानंतर वहीत आम्ही एक रकाना वाढवला : 'काय दुखतंय'. रविवारी वाचताना आधी तो वाचायचा, आकडे नंतर. शक्य तेवढं जास्तीचं वजन मारायचं असेल त्या दिवशी फोन बाहेर ठेवायचे. नव्या माणसाची जोडी सगळ्यात तगड्याशी लावायची नाही, त्याच्यापेक्षा पाच-दहा किलो पुढे असलेल्याशी लावायची. आणि कोणी बारखाली जाऊन "आज नाही" म्हणून तो परत रॅकवर ठेवला, तर त्यालाही तितकीच टाळी. सुरुवातीला ही टाळी अवघड वाटायची, हात पुढं व्हायचे नाहीत. आता होतात. मे महिन्यात ताईंनी ७२.५ लावून, जमिनीवरून दोन बोटं उचलून, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "डाव्या बाजूला ओढ बसतेय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहीत लिहिलंय : ७२.५, सोडलं, डावी बाजू.

दुखत असताना वजन उचलण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून स्पर्धेतलं आमच्याच सांगलीचं एक उदाहरण सांगते. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टर संकेत सरगरनं ५५ किलो गटात स्नॅचला (बार एका झटक्यात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ उचलले. मग १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यांदा गेला. एकूण २४८ किलो, रौप्यपदक. मलेशियाचा खेळाडू २४९ वर सुवर्ण घेऊन गेला. त्या दिवशी आमच्या व्यायामशाळेतली पोरं टीव्हीसमोर रडली, मीही रडले. पण तो देशासाठी स्पर्धेत उतरला होता, शेजारी प्रशिक्षक होते, वैद्यकीय पथक होतं आणि तो निर्णय त्याचा होता. तिथं जे केलं ते रविवारच्या सरावात करायचं नसतं. आमच्या डिप्लोमावाल्यासमोर कुठलं पदक होतं? शंभर हा गोल आकडा होता, एवढंच.

आता बावन्न वर्षांचं. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. ताई गेली २५ वर्षं तो बाल्कनीतून ओट्याखाली एकट्या नेतायत, पाठ वाकवून, झटक्यात. त्याला कोणी कधी वय विचारलं नाही. डेडलिफ्ट शिकवताना आम्ही महिनाभर नुसता रिकामा बार आणि कंबरेतून वाकणं एवढंच घेतलं. आणि हाडांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. अर्ध्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आठ महिने जड वजनं दिली : डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावरचा प्रेस. त्यांच्या मणक्याच्या हाडाची घनता जवळपास ३ टक्क्यांनी वाढली. ज्या घरी हलका व्यायाम करत होत्या त्यांची टक्काभरानं घटली. दुखापत म्हणाल तर पाठीत हलकीशी उसण भरल्याचा एकच प्रसंग. तिथं शेजारी शिकवणारं माणूस कायम उभं होतं, हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडंही ताई एकट्या असताना डेडलिफ्ट करत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली, हेही मी आधी लिहायला हवं होतं.

राहिलं माझं स्वतःचं. माझा बेंच जूनपासून ३७.५ वर अडकलाय. चार महिने झाले. पूर्वी आमच्या व्यायामशाळेत सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची होती, म्हणजे वाढवायचं तर दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच. मग आम्ही वर्गणी काढून सव्वा किलोच्या दोन चकत्या आणल्या, म्हणून ३७.५ तरी लावता आले. पण ४० जात नव्हते. एकदा वहीत माझ्या ओळीशेजारी कोणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं, "मागच्या महिन्यात तिसऱ्या रेपला उजवं कोपर बाहेर जायचं. आता जात नाही." अक्षर डिप्लोमावाल्याचं. मी स्वतः हे पाहिलं नव्हतं, आरशातही नाही. आकडा तोच, पण मी महिनाभर पुढे सरकले होते आणि हे बघणारं कोणीतरी होतं. काका, मी ज्याला प्रोत्साहन म्हणते ते हे आहे. "भारी, भारी" म्हणणं सोपं आहे, मीही पूर्वी तेच म्हणायचे. माणसाचा मागचा महिना डोळ्यांखालून गेलेला असल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही. आणि ज्याला मागचा महिना ठाऊक आहे, तोच "आज थांब" म्हणू शकतो.

डिप्लोमावाला आता परत ८० वर आलाय. घाई नाही. या रविवारी ८२.५ लावणार आहे, त्याच सव्वाच्या चकत्या घालून. तुमचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात आधी तोच म्हणाला, "काका बरोबर बोलतायत."

एक गोष्ट तुम्हालाच विचारायची आहे. दुखणं लपवणारं पोरगं तुमच्या तालमीतही असणार. खांदा धरलाय, पण जोडीदार बघतोय म्हणून मातीत उतरायचंच, असं. वस्तादांना ते कळायचं कसं? चालण्यावरून, का श्वासावरून, का जोर मोजताना आवाज बदलायचा? रकाना भरायचा का रिकामा ठेवायचा हे अजून त्या त्या माणसाच्या हातात आहे, आणि फेब्रुवारीतल्यासारखं कोणी परत "ठीक" लिहिलं तर आम्हाला ते ओळखता आलं पाहिजे. तुम्ही लिहिलंत तर मी रविवारी वाचून दाखवेन. यायला जमलं तर त्याहून बरं. आम्ही सकाळी साडेसहाला असतो.