७००आर४ बसवल्यावर थांबताना इंजिन बंद पडते, तो दोष सहसा कन्व्हर्टरचा नसतो

जुन्या शेव्हरोले गाडीतला तीन गतींचा ऑटोमॅटिक टीएच३५० गिअरबॉक्स काढून तिथे चार गतींचा ऑटोमॅटिक ७००आर४ बसवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. सिग्नलला थांबताना इंजिन गचके देऊन बंद पडू लागले की सांगितले जाते : ‘टॉर्क कन्व्हर्टर गेला आहे, तो बदला, खर्च नको असेल तर आयडलिंग वाढवा, नाहीतर लॉकअपची (कन्व्हर्टर इंजिनाशी घट्ट जोडणाऱ्या यंत्रणेची) वायरच काढून टाका, कारण लॉकअप फक्त पेट्रोल वाचवण्यासाठी असते.’ हा सल्ला मानल्यास धडधाकट कन्व्हर्टर भंगारात जातो आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

‘कन्व्हर्टर गेला’ या निदानापासून सुरुवात करू. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे जाते, आणि म्हणूनच गिअरमध्ये गाडी उभी असतानाही इंजिन चालू राहू शकते. लॉकअप लागते तेव्हा आतली घर्षणपट्टीची चकती कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणावर दाबली जाते, तेलातली घसरण संपते आणि चाके मंदावली की इंजिनही त्यांच्याबरोबर मंदावते. ही चकती आपण होऊन दाबली जात नाही. सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला, वीज मिळाली की तेल सोडून देणारी वाट बंद होते, वाढलेल्या दाबाने व्हॉल्व्ह सरकतो आणि चकती बसते; वीज तुटली की ती सुटते. म्हणून थांबताना लॉकअप सुटत नसेल, तर वीज योग्य वेळी तुटते आहे का, हे सर्वांत आधी पाहायला हवे. जनरल मोटर्सने १९८२ च्या मॉडेलपासून आणलेल्या या गिअरबॉक्सच्या संगणक असलेल्या गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या प्लगमधल्या ए टर्मिनलला ब्रेक स्विचमधून १२ व्होल्ट मिळत आणि डी टर्मिनलचा अर्थ (अर्थिंगची जोडणी) संगणक जोडत किंवा तोडत असे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत गिअरबॉक्स येतो, पण लॉकअप केव्हा सोडायचे हे ठरवणारा संगणक येत नाही.

‘इग्निशनवरून सरळ १२ व्होल्ट द्या, बाकीचे गिअरबॉक्स पाहून घेतो’ असेही या सल्ल्याला जोडून सांगितले जाते. यात अर्धे तथ्य आहे. आतल्या चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचमधून अर्थ घेतला, तर लॉकअप फक्त चौथ्यात लागते आणि गाडी सावकाश मंदावत असेल तर तिसरा गिअर पडताच सुटते. परंतु ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून मागची चाके जखडली, तर गिअर खाली येण्याची वाट न पाहता इंजिन त्याच क्षणी थांबते. मग पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही थोड्या वेळात संपते. ऐन कसोटीच्या क्षणी असे होणे धोक्याचे आहे, त्यामुळे ब्रेक स्विच टाळता येत नाही.

तो स्विच बसवतानाच सर्वांत मोठी चूक होते. ब्रेक लाइटचा स्विच पेडल दाबल्यावर वीज जोडतो. लॉकअपला त्याच्या नेमका उलटा, म्हणजे पेडल दाबल्यावर वीज तोडणारा संपर्क लागतो. ब्रेक लाइटच्या वायरलाच जोड दिला, तर ब्रेक मारताच लॉकअपला वीज मिळते. दुसरी चूक व्हॅक्यूम स्विचच्या, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमनुसार लॉकअपची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, नळीची. ही नळी थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या छिद्राला जोडावी, कारण अॅक्सिलरेटर सोडल्यावर तिथला व्हॅक्यूम नाहीसा होतो आणि स्विच वीज तोडतो. ती थेट मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलच्या खालच्या हवेच्या मार्गाला, जोडली, तर पाय काढल्यावर व्हॅक्यूम सर्वाधिक असतो आणि गाडी मंदावत असतानाच लॉकअप घट्ट धरून राहते.

आयडलिंग वाढवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जखडलेले इंजिन चाकांच्या गतीने फिरते. आयडलिंग वाढवून ते सुटत नाही, फक्त ब्रेकला अधिक जोराविरुद्ध गाडी थांबवावी लागते.

वायर काढणे ही चाचणी म्हणून उत्तम गोष्ट आहे, इलाज म्हणून नाही. लॉकअप नसताना महामार्गावर इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण २०० ते ३०० ने जास्त राहतात आणि त्या घसरणीची उष्णता तेलात जाते. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० असल्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवर ओढत असते, तिथे ही घसरण विशेष जाणवते. लॉकअप हे तेल थंड राखण्याचेही साधन आहे, हे त्या सल्ल्यात कुठेच येत नाही.

टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल) जुळवल्याने हा दोष जात नाही. ती केबल तेलाचा दाब ठरवते आणि चुकीची बसली तर क्लच जळतात, म्हणून ती बिनचूक असलीच पाहिजे. मात्र लॉकअप सोडणे हे तिचे काम नव्हे.

तपासणीसाठी चावी चालू व इंजिन बंद ठेवून टेस्ट लॅम्पचे एक टोक चासीला आणि दुसरे ए टर्मिनलच्या वायरला लावावे. व्हॅक्यूम स्विच असल्यास त्याची दोन टोके तात्पुरती एकत्र जोडावीत, कारण इंजिन बंद असताना व्हॅक्यूम नसतो. पेडल मोकळे असताना दिवा लागायला हवा आणि पाय टेकवताच, ब्रेक धरण्यापूर्वीच, विझायला हवा. त्यानंतर गिअरबॉक्सवरचा प्लग काढून गाडी चालवावी. बंद पडणे थांबले, तर दोष वायरिंगमध्ये आहे. प्लग काढूनही इंजिन तसेच जखडत असेल, तर सोलेनॉइड किंवा पंपातला लॉकअपचा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. गचके न देता ते नुसतेच विझत असेल, तर कार्ब्युरेटर आणि व्हॅक्यूमची गळती तपासावी. सोलेनॉइड पंपावरच बसवलेला असतो आणि पॅन व फिल्टर काढल्यावर खालूनच हाती लागतो. कन्व्हर्टर बदलण्यासाठी मात्र पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आधी पॅन उघडावा.