ओढ्याकाठची झोपडी दाजीपूरच्या पावसात टिकणार नाही

जून उजाडला आणि पन्हाळा-विशाळगड पदभ्रमंतीची नावनोंदणी सुरू झाली, की कोल्हापूरच्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश हमखास येतो. जंगलात रात्र काढावी लागल्यास ओढ्याकाठची सपाट जागा निवडावी, चार-पाच जण ऐसपैस मावतील अशी झोपडी उभारावी, छपरावर मिळेल तो पाला टाकावा, आत शेकोटी पेटवावी आणि उजाडल्यावर ओढ्याच्या प्रवाहाबरोबर खाली चालत राहावे, म्हणजे गाव लागते, असा त्याचा मथितार्थ. यातील एकही सल्ला पश्चिम घाटातल्या पावसाळ्यात जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

पहिला मुद्दा जागेचा. गगनबावडा किंवा दाजीपूरच्या माथ्यावर जोराची सर कोसळली, की खाली पाऊस नसतानाही ओढा थोड्या वेळात फुगतो, आणि रात्री ते केवळ आवाजावरून कळते. शिवाय पाण्यावर उतरणाऱ्या गव्यांच्या वाटा तिथूनच जातात आणि रात्रीची थंड हवाही खोलगट भागातच साचते. ओढ्यापासून बरेच वर, पण उघड्या माथ्याच्या खाली, वारा अडेल अशा उतारावर बसणे अधिक सुरक्षित. डोक्यावर वाळकी फांदी लोंबकळत नाही ना, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

झोपडी ऐसपैस असावी, हा सल्ला तर मूळ हेतूच्याच उलट आहे. अशा निवाऱ्यात ऊब देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे माणसाचे अंग. पोकळी जितकी मोठी, तितकी ती ऊब विरून जाते. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, त्या पाहाव्यात. वाकूनच आत शिरावे लागते, बाजू उतरत्या असतात. बांधणाऱ्यांना थंडीची रात्र नेमकी ठाऊक असते.

सर्वांत मोठी गफलत छपराविषयीची आहे, आणि ती आमच्याही हातून झाली. मागच्या पावसाळ्यात राधानगरीकडच्या एका नातेवाइकांच्या शेतात आम्ही तिघांनी या संदेशाबरहुकूम खोप बांधून पाहिली. दोन तास मोडले, जांभळाचा ओला पाला वीतभर जाड रचला आणि आत जाऊन बसलो. पंधरा मिनिटांत गळायला लागले. नीट पाहिल्यावर लक्षात आले, की आडव्या फांदीच्या पोटाला एक मोडक्या डहाळीचा खुंट राहिला होता. पाणी फांदीवरून ओघळत तिथवर येई आणि नेमके मानेवर पडे. छपराचा उतार उभा केला आणि पाला खालून वर, प्रत्येक थर खालच्या थरावर चढेल असा रचला, तेव्हा गळती बरीच कमी झाली. भातलावणीला इरले घेऊन वाकलेल्या बाईच्या पाठीवरून पाणी निथळून जाते, त्यामागचे गमक हेच.

तरीही आम्ही कुडकुडत होतो, कारण खाली काहीच अंथरले नव्हते. ओली जमीन बसल्या जागी अंगातली उष्णता ओढून घेते, त्यात ओले कपडे आणि वारा यांची भर पडली, की हवेचे तापमान 15 अंशांच्या आसपास असतानाही शरीराचे तापमान धोकादायक पातळीला, म्हणजे 35 अंशांखाली, उतरू शकते. म्हणून छपराआधी अंथरूण करावे: कारवीच्या काटक्या आडव्या-उभ्या टाकून वर पाला, आणि तोही अंगाखाली दबल्यावर चार बोटे उरेल इतका. कोरड्या पानगळीच्या ढिगात शिरून झोपण्याची जी युक्ती परदेशी चित्रफितींत दिसते, ती पानगळीच्या कोरड्या जंगलांतली आहे. आषाढात आपल्या रानात कोरडे पान शोधून सापडत नाही. पिशवीत घडी घालून ठेवलेला प्लास्टिकचा कागद आणि कोरडा सदरा यांना इथे खरेच पर्याय नाही.

शेकोटीबद्दल फार लिहायला नको. पाल्याच्या बंदिस्त खोपीत धूर कोंडतो, कार्बन मोनॉक्साइडचा तर वासही येत नाही, आणि कोरड्या दिवसांत छपरच पेट घेते. धुराने जवळच्या कड्यावरचे आग्या मोहोळ उठले, तर पळायलाही जागा नसते. राखीव वनात आग पेटवण्यास 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने बंदी आहे, तेही ध्यानात असावे.

राहिला ओढ्याने खाली उतरण्याचा सल्ला. कासारी, कुंभी किंवा भोगावतीकडे जाणारा ओढा कदाचित गावाला नेईलही; पण घाटमाथ्यावरचा पाणलोट पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा, हे धुक्यात ओळखता येत नाही, आणि पश्चिमेकडे वळलेला ओढा कोकणच्या कड्यावरून थेट खाली कोसळतो. काठचे शेवाळलेले दगड तर त्याआधीच पाय घसरवतात. वाट चुकल्याची खात्री पटली, की जिथे आहोत तिथेच थांबावे, शिट्टीचे तीन-तीन आवाज थोड्या थोड्या वेळाने द्यावेत, आणि मोबाइलची बॅटरी राखून, जवळपास रेंज मिळेल तिथून 112 वर कळवावे.